गाडीतलं दुसरं पाणी

डॅशबोर्डवरचा काटा नव्वदवर, नेहमीच्या जागी. दिवा लागलेला नाही, वास नाही, वेगळा आवाज नाही. तरीही मे महिन्यातल्या दुपारी खोपोलीच्या पुढे घाट लागला की माझी गाडी जड व्हायची. सकाळी सहाला नेरूळहून निघालं तर हाच चढ ती सहज काढायची. दुपारी दोनला निघालं, त्यातून खालापूरच्या टोलनाक्याच्या रांगेत अडकलं, की पुढे ॲक्सिलरेटर दाबला तरी पहिल्यासारखी ओढ लागायची नाही. इंजिन तापलेलं नाही असं काटा सांगत होता आणि काहीतरी तापलंय असं माझा पाय सांगत होता. दोन्ही खरं कसं असेल, हे मला समजत नव्हतं.

गाडी ऑडीची एस-फोर. जुनी, दुसऱ्या हाताची, पण मी ती मनापासून घेतली. तीन लिटरचं व्ही-सिक्स इंजिन आणि त्याच्या सिलिंडरांच्या दोन फळ्यांच्या मधल्या खोबणीत बसवलेला सुपरचार्जर. ताकद ३३३ अश्वशक्ती. टर्बोच्या गाड्यांमध्ये पाय दाबल्यावर क्षणभर वाट पाहावी लागते. इथे सुपरचार्जर पट्ट्याने थेट इंजिनाला जोडलेला, त्यामुळे पायाला लगेच उत्तर मिळतं. त्या उत्तरासाठीच मी ही गाडी घेतली, आणि दुपारी नेमकं तेच उत्तर उशिरा आणि अर्धवट येत होतं.

तुर्भ्याच्या एमआयडीसीत एक गॅरेज आहे. तिथल्या दादांनी स्कॅनर लावला, लॅपटॉपवर आकडे पाहिले आणि म्हणाले, ‘ताई, इंजिन थंड आहे. हवा गरम आहे.’

‘कुठली हवा?’

‘इंजिनात जाणारी. इनटेकची. तुमच्या गाडीत पाण्याचं दुसरं सर्किट आहे, त्या हवेसाठी. त्याचा हीट एक्स्चेंजर मोठा टाकून घ्या, फरक पडेल.’

हीट एक्स्चेंजर हा शब्द मला नवा नव्हता. मी न्हावा शेवा बंदरातून येणाऱ्या मालाची कस्टम्सची कागदपत्रं करते. उष्णता अदलाबदल करणारी यंत्रं वर्गवारीत ८४१९.५० मध्ये जातात, मोटारींचे रेडिएटर ८७०८.९१ मध्ये, हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. वर्षानुवर्षं त्यांच्या पेट्यांचे कागद माझ्या हातून गेले आहेत. पण आत काय चालतं, गरम काय होतं, गार काय होतं, आणि मोठा टाकला म्हणजे नेमकं काय मोठं होतं, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. आता विचारायची वेळ आली होती.

विचारायला माणूस घरातच होता. माझे मामा पावण्याच्या एका रसायन कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि मेंटेनन्समधूनच निवृत्त झाले. ठाणे-बेलापूर पट्ट्यात ज्यांनी काम केलं त्यांना हीट एक्स्चेंजर म्हणजे रोजचा सोबती. रिअॅक्टरला एक, कंडेन्सरला एक, कॉम्प्रेसरला एक. मामांना मी फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘गाडी घेऊन ये. बॉनेट उघडून बघू, मग बोलू.’

कोपरखैरण्याला त्यांच्या इमारतीखाली बॉनेट उघडलं. प्लॅस्टिकचं झाकण काढल्यावर मामा बराच वेळ वाकून बघत राहिले आणि मग म्हणाले, ‘अगं, हा तुझा सुपरचार्जर तर रूट्स ब्लोअर आहे.’

सांडपाणी शुद्धीकरणाच्या टाकीत खालून हवा सोडायची असते, तिथे त्यांनी आयुष्यभर हेच यंत्र चालवलं होतं. एका पेटीत दोन रोटर, एकमेकांत गुंतून उलट दिशांना फिरणारे. एका बाजूने हवा घेतात, दुसऱ्या बाजूला ढकलतात. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावच्या फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी १८६० साली त्याचं पेटंट घेतलं. तेव्हा मोटारगाडी जन्मायची होती. पुढे १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीजने सुपरचार्जर लावलेल्या मोटारी मांडल्या. माझ्या गाडीतला ब्लोअर ईटन कंपनीच्या घडणीचा, प्रत्येक रोटरला चार पाकळ्या, त्याही पिळलेल्या, आणि एका फेऱ्यात १.३२ लिटर हवा पुढे सरकवणारा. मामांच्या ब्लोअरचाच नातू म्हणायचा. त्यांना त्याचा इतका आनंद झाला की हीट एक्स्चेंजरचा विषय अर्धा तास बाजूलाच राहिला.

मग त्यांनी विचारलं, ‘आमच्या ब्लोअरच्या डिलिव्हरी पाइपला हात लावला तर काय व्हायचं माहीत आहे? भाजायचं.’

इथून मला पहिल्यांदा काही कळू लागलं. हवा दाबली की ती तापते. सायकलचा पंप मारताना नळी गरम होते तीही त्याचमुळे. शिवाय रूट्स ब्लोअर हवा आतल्या आत दाबत नाही. तो फक्त पुढे लोटतो, आणि पुढे आधीच दाबलेली हवा असते ती उलटी येऊन हिच्यावर आदळते. त्या झटापटीत उष्णता आणखी वाढते. पिळलेल्या पाकळ्यांनी हे बरंच कमी झालं आहे, संपलेलं नाही. मामांनी वहीत हिशेब मांडला. बाहेरची हवा ३५ अंश, दाब वातावरणाच्या १.८ पट. ब्लोअरमधून बाहेर पडणारी हवा साधारण १२० अंशांची. पाणी उकळतं त्याच्याही वर. ही हवा तशीच इंजिनात गेली तर दोन नुकसानं. एक म्हणजे गरम हवा विरळ असते. त्याच दाबाची हवा ५५ अंशांवर असेल तर सिलिंडरमध्ये जितकी मावते, त्यापेक्षा १२० अंशांना सुमारे १७ टक्के कमी मावते. हवा कमी म्हणजे ऑक्सिजन कमी, म्हणजे ताकद कमी. दुसरं नुकसान अधिक घातक. गरम मिश्रण ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच भलत्या कोपऱ्यात आपोआप पेटू शकतं. त्याला गॅरेजमध्ये नॉकिंग म्हणतात, आणि ते पिस्टन फोडू शकतं. म्हणून इंजिनाचा संगणक हवेचं तापमान वाढलेलं पाहिलं की ठिणगी उशिरा टाकतो. इंजिन वाचतं, ओढ कमी होते.

माझ्या पायाला जे जाणवत होतं ते हेच. गाडी बिघडलेली नव्हती, ती स्वतःला सांभाळत होती. हे समजलं तेव्हा मला गाडीबद्दल जे वाटलं त्याला मी आदरच म्हणेन.

आता दुसरं पाणी. त्या सुपरचार्जरच्या पेटीतच, रोटरच्या दोन बाजूंना, दोन छोट्या जाळ्या बसवलेल्या असतात. इंजिनाच्या प्रत्येक फळीसाठी एक. तापलेली हवा त्या जाळ्यांमधून जाते आणि जाळ्यांच्या नळ्यांमधून कूलंट फिरतं. हवा आपली उष्णता त्या पाण्याला देते. ते पाणी एक छोटा विजेचा पंप गाडीच्या तोंडाशी नेतो, बंपरमागच्या एका वेगळ्या रेडिएटरमध्ये. तिथे बाहेरचा वारा ती उष्णता घेऊन जातो. पाणी गार होऊन परत वर. कूलंटची टाकी इंजिनाच्या पाण्याशी सामायिक आहे, पण फिरण्याची वाट वेगळी आणि तापमानही वेगळं. इंजिनाचं पाणी नव्वदच्या आसपास ठेवायचं असतं. हे पाणी जितकं गार राहील तितकं बरं. डॅशबोर्डवरचा काटा पहिल्या पाण्याचा. दुसऱ्या पाण्याला काटाच नाही.

ही युक्ती जुनी आहे आणि तिचा इतिहास वाचताना माझ्या अंगावर काटा आला. १९४२ साली ब्रिटिशांच्या स्पिटफायर विमानाला रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन नव्या रूपात मिळालं, दोन टप्प्यांच्या सुपरचार्जरसह. दोनदा दाबलेली हवा इतकी तापायची की ती गार करायला इंटरकूलर द्यावा लागला. आणि त्याच्यासाठी इंजिनापासून वेगळं पाणी, वेगळा पंप, वेगळा रेडिएटर. तीच रचना, माझ्या नेरूळच्या पार्किंगमध्ये उभी.

मला एक प्रश्न सारखा पडत होता: पाण्याची भानगड कशाला? हवेची जाळी थेट पुढे वाऱ्यात का ठेवत नाहीत? बऱ्याच टर्बो गाड्यांत तसंच असतं. मामांनी उत्तर दिलं ते असं. एक लिटर पाणी एका अंशाने तापायला जितकी उष्णता लागते, तितक्यात एक लिटर हवा तापवायची म्हटली तर ती सुमारे साडेतीन हजार अंशांनी तापेल. पाणी थोड्या जागेत पुष्कळ उष्णता वाहून नेतं. त्यामुळे हवेचा मार्ग आखूड ठेवता येतो. ब्लोअर, जाळी, सिलिंडर, सगळं हातभर अंतरात. पायाला लगेच उत्तर मिळतं ते त्यामुळेही.

‘पण लक्षात ठेव,’ मामा म्हणाले, ‘हीट एक्स्चेंजर उष्णता खात नाही. इकडची तिकडे देतो. पुढच्याने घेतली नाही तर मागच्याकडे तुंबते. आधी तुंबलंय कुठे ते शोध, मोठ्याचं नंतर बघू.’

हे वाक्य मी पुढच्या सगळ्या निर्णयांमध्ये धरून चालले. मोठी जाळी विकणारे पुष्कळ आहेत. तुंबलंय कुठे ते आधी शोधा, असं सांगणारा माणूस भेटायला भाग्य लागतं.

तुर्भ्याला गाडी लिफ्टवर घेतली आणि पुढचा बंपर उतरवला. मी हे कधी पाहिलं नव्हतं. गाडीच्या चेहऱ्यामागे एकामागे एक जाळ्या उभ्या असतात: माझ्या गाडीत सगळ्यात पुढे या दुसऱ्या पाण्याची, तिच्यामागे एसीचा कंडेन्सर, त्याच्यामागे इंजिनाचा मोठा रेडिएटर, शेवटी पंखे. वारा एकच, आणि तो या सगळ्यांमधून जायचा. पहिल्याने तापवलेली हवाच दुसऱ्याच्या वाट्याला येते.

आणि पहिल्या जाळीचा खालचा भाग वाऱ्यासाठी जवळजवळ बंद होता. वाळलेला चिखल, किडे, सुरीच्या पात्यासारखी पातळ पण वाकलेली फिन्स, आणि कंडेन्सरच्या फटीत अडकलेला प्लॅस्टिकच्या पिशवीचा चिंध्या झालेला तुकडा. दहा-बारा पावसाळे त्या जाळीवर साचले होते. नवी मुंबईत कायम काहीतरी खणलेलं असतं. सायन-पनवेल रस्त्यावर डंपरमागून जाताना समोरच्या काचेवर जे येतं ते सगळं इथेही येतं, आणि इथे वायपर नसतो. दादांनी जाळी सोडवून मागच्या बाजूने, म्हणजे वाऱ्याच्या उलट दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुतली. जोराचा प्रेशर वॉशर मारला तर फिन्स आडवी होतात आणि जाळी कायमची आंधळी होते, असं ते म्हणाले. मग वाकलेली फिन्स एका छोट्या कंगव्याने सरळ केली. ते काम मी मागून घेतलं. संपूर्ण दुपार लागली आणि त्या दुपारी मी त्या जाळीचा प्रत्येक इंच पाहिला.

नुसत्या धुण्याने फरक पडला. मी एक साधा ओबीडी रीडर घेतला होता. तो स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसतो आणि फोनवर इनटेकचं तापमान दाखवतो. गाडी चालवताना फोन माझ्या भाच्याच्या हातात, मी फक्त रस्त्याकडे पाहायचं, असा नियम केला. बाहेर ३४ अंश असताना द्रुतगती मार्गावर शंभरच्या मर्यादेत, एका लयीत चालवताना आधी ५५ ते ५६ दिसायचं, ते आता पन्नासच्या आसपास आलं. मी समाधानी झाले असते. मामा झाले नाहीत. ‘बाहेर ३४, आत ५०. सोळाचा फरक. कमी होईल अजून. पण पंप बघितला का?’

पंप पाहायची त्यांची रीत मला फार आवडली. परतीचा होस काढून बादलीत सोडायचा, स्कॅनरवरून पंप चालू करायचा, टाकीत वरून कूलंट ओतत राहायचं आणि घड्याळ धरायचं. मिनिटाला साधारण अठरा लिटर आलं. या आकड्यावर मामांनी उरलेला हिशेब पुरा केला. पूर्ण ताकद घेताना इंजिन सेकंदाला पाव किलो हवा ओढतं. ती १२० वरून ५५ वर आणायची तर सोळा-सतरा किलोवॉट उष्णता काढावी लागते. घरातला गीझर दोन किलोवॉटचा. म्हणजे आठ गीझर एकदम चालू. आणि ती उष्णता मिनिटाला अठरा लिटर पाण्याने न्यायची तर प्रत्येक फेरीत पाणी पंधरा अंशांनी तापून येणार. ते पंधरा अंश पुढच्या जाळीने एका फेरीत उतरवले नाहीत तर पुढची फेरी त्याहून गरम पाण्याने सुरू होणार, त्यापुढची आणखी गरम.

इथे माझ्या डोक्यातला मोठा गुंता सुटला. रस्त्यावर पूर्ण ताकद कुणी सलग मिनिटभर वापरत नाही. तशी जागाही नाही आणि परवानगीही. पाच-सहा सेकंद ओव्हरटेक करताना, चढावर ट्रकच्या पुढे निघताना. त्या पाच सेकंदांची उष्णता सर्किटमधलं पाणी पोटात घेतंच, जाळी लहान असो वा मोठी. मोठ्या जाळीचा उपयोग त्या पाच सेकंदांत नाही, त्यांच्यानंतर आहे. पाणी किती लवकर पुन्हा गार होतं, पुढच्या वेळी पाय दाबला की गाडी ताजी आहे की दमलेली, यात आहे. घाटात एकामागे एक ट्रक असतात. तिथे ही ‘नंतरची’ वेळच सगळं ठरवते.

मग मोठी जाळी घ्यायची ठरली. परदेशातून तयार किट मागवता येतं. ते कुठल्या मथळ्याखाली येईल आणि ड्यूटी कशी लागेल हे मला पाठ होतंच. पण मामांच्या ओळखीचे एक कारागीर रबाळ्याला होते, हवेच्या कॉम्प्रेसरसाठी ॲल्युमिनियमचे ऑइल कूलर बनवणारे. मामांचं म्हणणं, ‘मोजमाप आपल्याकडे आहे. मग बनवून का नाही घ्यायचं?’

त्याआधी मी कायदा पाहिला, आणि हे कुणीही टाळू नये असं मला वाटतं. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि उत्पादकाने मुळात ठरवलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. रेडिएटरचा आकार त्या प्रमाणपत्रात नसतो. पण लहान पुली लावून ब्लोअर जास्त पळवणं, संगणकाचं ट्यूनिंग बदलून ताकद वाढवणं, बंपर कापणं, यांतलं काही मला करायचं नव्हतं आणि मी केलं नाही. गाडीला तिची स्वतःची ताकद दुपारीही मिळावी, इतकीच इच्छा होती. विमा कंपनीला लेखी कळवलं आणि पोच घेतली.

रबाळ्याच्या कारागिरांनी पहिलेच तीन प्रश्न विचारले: जागा किती, फ्लो किती, दाब किती. तीनही उत्तरं माझ्याकडे होती, आणि काही आठवड्यांपूर्वी एकही नसतं, हे जाणवून मला फार बरं वाटलं. त्यांनी पुठ्ठ्याचा साचा करून बंपरमागची जागा घेतली. मग जाडीवरून चर्चा झाली. जाड जाळी म्हणजे भरपूर धातू, दिसायलाही भारी. पण वारा जाळीत शिरला की पहिल्या काही सेंटिमीटरमध्येच तापतो. मागच्या जाडीला तो गरमच मिळतो. शिवाय जाड जाळी वारा अडवते, आणि मागे एसीचा कंडेन्सर उभा आहे. म्हणून जाडी मोजकी वाढवायची आणि पुढून दिसणारं क्षेत्रफळ जितकं मिळेल तितकं घ्यायचं, असं ठरलं. फिन्स दाट ठेवली तर गार करायला पृष्ठभाग जास्त, पण दाट फिन्समध्ये इथली धूळ लवकर बसते. आम्ही विरळ घेतली. ही निवड युरोपात कदाचित वेगळी झाली असती; सायन-पनवेलच्या डंपरमागे हीच बरोबर.

पाण्याची वाट हाही प्रश्न होता. पाणी एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने निघावं, की मध्ये भिंत घालून जाऊन परत यावं? जाऊन-येऊन केलं तर नळ्यांमध्ये पाण्याचा वेग वाढतो आणि उष्णता चांगली सुटते, पण पंपाला जास्त जोर लावावा लागतो. पंप मोठा नव्हता. कारागिरांनी रुंद नळ्यांची जाळी घेऊन दोन फेऱ्यांची रचना केली आणि आधी बादलीची परीक्षा घेतली. फ्लो एका लिटरने उतरला, त्यापेक्षा जास्त नाही. मामांनी मान डोलावली.

दोन्ही बाजूंच्या टाक्या टिग वेल्डिंगने जोडल्या. तयार जाळीची तोंडं बंद करून, आत हवेचा दाब भरून ती पाण्याच्या हौदात बुडवली. बुडबुडा येतो का ते आम्ही सगळे वाकून बघत होतो. एका कोपऱ्यात बारीक साखळी उठली. ती जागा पुन्हा वेल्ड केली आणि दुसऱ्यांदा हौद शांत राहिला. खाडीची खारी हवा ॲल्युमिनियमला खाते म्हणून वरून काळ्या रंगाचा अगदी पातळ हात दिला. जाड रंग उष्णतेला अडवतो, त्यामुळे फवारणीसुद्धा कारागिरांनी स्वतः केली.

बसवताना मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते फोमच्या पट्ट्यांचं. जाळी आणि बंपरची चौकट यांच्यात बोटभर फटी असतात. वारा सोपी वाट धरतो. जाळीतून जाण्यापेक्षा बाजूच्या फटीतून निसटतो. दादांनी चारी बाजूंना दाट फोम लावून फटी बुजवल्या. मला खात्री आहे की या सगळ्या कामात पैशाच्या मानाने सर्वांत जास्त उपयोग त्या फोमने केला.

मग कूलंट भरणं. उत्पादकाने सांगितलेलंच, डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं. नळाचं पाणी घातलं तर क्षार ॲल्युमिनियमच्या आतून बसतात. मामा त्याला फाउलिंग म्हणतात आणि तो शब्द ते अजूनही कपाळाला आठी घालून उच्चारतात. पण भरल्यावर पंप गुरगुरायला लागला. सर्किटने हवा धरली होती. दादांनी एक हात जाणाऱ्या होसवर, एक येणाऱ्यावर ठेवला. एक कोमट, एक गार. ‘फिरत नाहीये,’ ते म्हणाले. या सर्किटचा सर्वांत उंच भाग सुपरचार्जरवर आहे आणि हवा तिथेच जाऊन बसते. वरचे हवा काढायचे स्क्रू थोडे सैल केले, व्हॅक्यूमने सर्किट ओढून पुन्हा भरलं, पंप थांबवून-थांबवून चालवला. बुडबुड्यांऐवजी सलग कूलंट आलं तेव्हा पंपाचा आवाज जवळजवळ नाहीसा झाला. मग माझे हात त्या दोन होसवर ठेवून दादांनी मला फरक दाखवला. दुसऱ्या पाण्याला काटा नसला तरी हात लावून ते ओळखता येतं, हे मी तिथे शिकले.

आता आकडे. बाहेर ३४ अंश असताना, तोच रस्ता, तोच शंभरच्या आतला वेग: इनटेक ४५ च्या आसपास. टोलनाक्यानंतर मोकळा रस्ता पाहून वेगमर्यादेपर्यंत जोर लावला की तापमान चढतं, पूर्वीही चढायचं. पण आधी ते उतरायला काही मिनिटं लागायची, आता मिनिटाच्या आत खाली येतं. घाटात दुपारी दोनला पाय दाबला तर उत्तर येतं. सकाळच्या इतकंच, असं मी म्हणणार नाही. बाहेरच्या हवेपेक्षा गार ही जाळी काही करू शकत नाही, आणि मे महिन्यातली दुपार ही मे महिन्यातली दुपारच असते.

आणि उभ्या गाडीत? जवळजवळ काही नाही. महापेच्या सिग्नलला, ट्रेलरमागे, पाच मिनिटं उभं राहिलं की इनटेक साठच्या पुढे जातं. जाळी केवढीही असो, वारा नसेल तर ती फक्त पंख्याच्या जोरावर जगते. आणि खालून इंजिनाची धग सुपरचार्जरला तापवत राहते ती वेगळीच. मोठी जाळी टाकली की गर्दीतही गाडी ताजी राहील असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. गर्दीतून सुटल्यावर ती लवकर सावरते, हे खरं.

एसीचीही किंमत मोजावी लागली. गर्दीत उभं असताना झरोक्यातून येणारी हवा आधी आठ अंशांची असायची, ती दहावर गेली. कंडेन्सरला पुढच्या जाळीने तापवलेला वारा मिळतो, त्याचा हा परिणाम. चालत्या गाडीत फरक कळत नाही. सासूबाई मागे बसलेल्या असताना उरणच्या रस्त्यावर अडकलो तेव्हा त्यांनी विचारलं, एसी कमी केलास का. त्यामुळे कंडेन्सर आणि इंजिनाचा रेडिएटर यांच्यामधली फटही फोमने बुजवायची, म्हणजे पंखे बाजूची हवा न ओढता जाळ्यांमधूनच ओढतील, असं दादा म्हणतात. ते काम पुढच्या सर्व्हिसिंगला आहे.

मामांनी वहीत एक पान राखून ठेवलंय. पावसाळ्यात आकडे घ्यायचे नाहीत, ओल्या जाळीवरून पाणी उडून जाताना ती खोटी गार दिसते, असं त्यांचं म्हणणं. ऑक्टोबरच्या उन्हात बंपर उतरवून जाळी मागून धुवायची, फिन्स बघायची, बादली लावून पंपाचा फ्लो पुन्हा मोजायचा आणि मग त्याच रस्त्यावर तेच आकडे घ्यायचे. सतराच्या खाली फ्लो गेला तर पंप बदलायचा. कंगवा मी विकत घेऊन ठेवला आहे.